सात नंबरची हिरवी ट्यूब

तानूबाईंना एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं पुढं यावं. सिल्वासात येऊन त्यांना बावीस वर्षं झाली. कारखान्यात त्या उंच लोखंडी स्टुलावर टेकतात, तेही एक पाय जमिनीवर ठेवून, म्हणजे कधीही उठता यावं. डोकमर्डीतल्या त्यांच्या खोलीवर पाहुणा गेला तर चहाचा कप त्याच्या हातात देताच त्या ओटा पुसायला घेतात. ओटा झाला की दाराची कडी घट्ट आहे का ते बघतात. पाहुण्याला वाटतं, आता निघावं. बहुतेक जण निघतातही.

मूळच्या शिरपूरकडच्या. नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि सासरी त्या दोघींची अडचणच जास्त होती. कारभारी नावाचे नवऱ्याचे एक स्नेही इथल्या धाग्याच्या कारखान्यात मशीन चालवायचे. येवल्याचा माणूस, तोंडानं फटकळ, पण शब्दाचा पक्का. त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं आणि तानूबाई तपासणीच्या टेबलाला लागल्या. तेव्हापासून दर राखीपौर्णिमेला कारभारींच्या मनगटावर त्यांची राखी असते. मुलगी शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली. तानूबाई टेबलापाशीच राहिल्या.

काम सांगायला सोपं. मशीनवर पॉलिस्टरचा धागा तापतो, पिळला जातो आणि पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळला जातो. नळकांड्याला म्हणायचं ट्यूब आणि धाग्यानं भरलेल्या ट्यूबला बॉबिन. कुठलं बॉबिन कुठल्या मशीनचं ते कळावं म्हणून ट्यूबचे रंग वेगळे. दोन नंबरची लाल, चार नंबरची पिवळी, सातची हिरवी. तानूबाई बॉबिन दिव्याखाली फिरवतात, तेलाचा डाग, कडेला घसरलेल्या धाग्याची जाळी, तुटक्या तंतूंचा केसाळपणा बघतात आणि सांगतात, ए की बी. ए चांगल्या कापडाला जातं, बी पडद्याच्या अस्तराला. बी झालेलं प्रत्येक बॉबिन ऑपरेटरच्या नावावर चढतं. शेकड्यात चार-पाच चालतात. आठच्या वर गेलं की मेमो.

आता इथं एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढची सगळी तगमग तिच्यातूनच निघाली. चांगलं बॉबिन चांगलं असतं आणि वाईट ते वाईट, त्यात वाद नाही. पण काही बॉबिनं मधली असतात. दिवा या बाजूनं धरला तर ए, त्या बाजूनं धरला तर बी. टेबलावरच्या बायका त्यांना 'संशयाची' म्हणत. सगळी संशयाची ए करावीत तर वरचे साहेब म्हणणार, बायका झोपा काढतात. सगळी बी करावीत तर कुणाचा तरी मेमो निघणार. तानूबाईंच्याही आधीपासून टेबलावर यावर तोड निघालेली होती. संशय आला की ट्यूब बघायची. लाल असेल तर ते कारभारींचं, पिवळी असेल तर चारवरच्या माणसाचं, ज्याची बायको सहा महिने अंथरुणावर आहे. अशांची ए. आणि ट्यूब हिरवी असेल तर बी.

कारण सात नंबरला धनी नव्हता. त्या मशीनवर कंपनीचा माणूस कधी टिकलाच नाही. ठेकेदाराची माणसं यायची, महिना-दोन महिन्यांत बदलायची. निळ्या टोप्या घातलेले, खाली मान घातलेले, नाव कळायच्या आत गेलेले. "सातचं कुणाला लागतंय?" असं टेबलावरच्या बायका म्हणायच्या. वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं आणि सगळ्यांची समजूत अशी की वांग्याला काही कळत नाही. तानूबाईंनाही कधी वावगं वाटलं नाही. उलट त्यांना वाटायचं, आपण चार घरं सांभाळतो.

मग सव्वा वर्षामागं कॅमेरा आला.

नाशिकची तन्वी नावाची इंजिनिअर मुलगी तो घेऊन आली. कंपनीला बाजारातलं तयार यंत्र नको होतं; आपल्याच धाग्याला, आपल्याच दिव्याला, आपल्याच गिऱ्हाइकाच्या नजरेला बेतलेलं हवं होतं. तन्वीनं टेबलावर कॅमेरा टांगला आणि तानूबाईंच्या हाताशी दोन बटणं दिली, हिरवं ए आणि लाल बी.

"मावशी, तुम्ही रोजचं काम करा फक्त," ती म्हणाली. "कॅमेरा फोटो काढेल, तुम्ही बटण दाबाल. त्यावरून तो शिकेल."

"त्याला नियम नाही सांगायचे? डाग असा, जाळी तशी?"

"नाही. नियम सांगितले तर तो तेवढेच पाळणार. आपण नुसती उदाहरणं दाखवायची. तुम्ही जे बघता ते तो आपोआप बघायला लागतो."

अकरा महिने तानूबाई बटणं दाबत होत्या. लाखाच्या वर फोटो झाले. तन्वीनं त्या सगळ्यातून जी यंत्रणा तयार केली, तिच्या फाइलला नाव दिलं 'तानू'. कारखान्यात चेष्टा सुरू झाली की आता दोन तानू झाल्या, एक चहा पिते, एक पीत नाही. पुण्याहून आलेले मॅनेजर राजेंद्र साहेब यांनी शाल-नारळ दिला, फोटो काढला आणि म्हणाले, गलोंड्याच्या आपल्या दुसऱ्या युनिटमध्ये असाच कॅमेरा बसवायचाय, तिथं शिकवायला बाईंनाच पाठवू. तानूबाईंनी तो फोटो खोलीत लावला नाही, पण मुलीला पाठवला. मुलीनं जावयाला दाखवला. तेवढ्यानं त्यांचं आठवडाभर पोट भरलं.

कॅमेरा स्वतः ए-बी सांगायला लागला त्याच महिन्यात सात नंबरला धनी मिळाला. वाल्मिक त्याचं नाव. साक्रीचा, चौतिशीचा, सहा वर्षं ठेकेदाराकडं या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरलेला. कंपनीनं त्याला मशीन नेमून दिलं आणि सांगितलं, तीन महिने काम बघू, पंधरा तारखेच्या यादीत नाव आलं तर परमनंट. आपल्याकडच्या बोलीचा माणूस म्हणून तानूबाईंना तो बरा वाटला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या डब्यातला ठेचा टेबलावर यायचा.

दुसऱ्या महिन्याचा तक्ता लागला आणि त्यात वाल्मिकच्या नावापुढं शेकडा अकरा होतं. बाकी सगळे तीन-चारच्या आत.

त्याला मेमो मिळाला. तो वाचून त्यानं चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो शिफ्टच्या अर्धा तास आधी येऊन मशीन पुसायला लागला. तानूबाईंनी मुद्दाम त्याची बॉबिनं हातात घेऊन पाहिली. धागा बरा होता. कारभारींच्या बॉबिनांपेक्षा तर खासच बरा होता, पण ते मोठ्यानं कोण म्हणणार?

त्यांनी तन्वीला बोलावलं. "तुझी तानू चुकतेय गं. या माणसाचं काम असं नाही."

तन्वीनं लॅपटॉप उघडला. "थांबा, निकाल देताना तो फोटोत कुठं बघतोय ते आपल्याला दिसतं. जिथं जास्त बघतो तिथं लाल रंग येतो." तिनं चार नंबरचं एक बॉबिन दाखवलं. धाग्यावर, जिथं जरासा डाग होता, तिथंच लाली पसरलेली होती. मग सातचं दाखवलं. लाली धाग्यावर नव्हतीच. खालच्या टोकाला, जिथं ट्यूबचा हिरवा काठ बाहेर दिसतो, तिथं ती गोळा झाली होती.

"हे काय विचित्र?" तन्वी म्हणाली. "हा ट्यूबकडे का बघतोय? कदाचित त्या कोपऱ्यात दिव्याची चमक येत असेल. मी दिवा हलवून बघते."

तानूबाईंनी पडद्यावरचा तो हिरवा काठ पुन्हा पाहिला. आडात जे असेल तेच पोहऱ्यात येतं, आणि हा आड त्यांचा स्वतःचा होता. यंत्रानं त्यांची नजर उचलली होती. डाग बघायची उचलली, जाळी बघायची उचलली आणि संशय आला की खाली ट्यूबकडं वळायची सवयही तशीच्या तशी उचलली. फरक एवढाच की टेबलावरच्या बायका ही सवय सातला धनी मिळाल्यावर सोडून देऊ शकल्या असत्या. यंत्राला कोण सांगणार की आता हिरव्यावर माणूस आहे?

तन्वीनं दिवा हलवला. काही फरक पडला नाही. तिनं दुसरा दिवा आणला, लेन्स पुसली, रात्रीच्या पाळीचे फोटो वगळून पाहिले. तानूबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. ती पोर दिवसभर भलतीकडं शोधत होती आणि शोधायची जागा तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. पंधरा तारखेला नऊ दिवस उरले होते.

घरी भाजी करपली. दाराची कडी त्यांनी एका संध्याकाळी सात वेळा तपासली. मुलीचा फोन आला तेव्हा त्या घरभर फिरत बोलल्या आणि फोन ठेवल्यावर मुलगी काय म्हणाली ते आठवेना. सांगितलं तर काय होईल, याचा हिशेब त्या मांडत आणि दर वेळी तो वेगळा येई. अकरा महिन्यांचे फोटो फुकट जाणार. बावीस वर्षांत कुणी त्यांच्या शब्दावर बोट ठेवलं नव्हतं, ते आता ठेवणार. टेबलावरच्या बाकीच्या बायका म्हणणार, हिला काय गरज होती. आणि नाही सांगितलं तर तो माणूस जाणार, चार घड्या घातलेला कागद खिशात घेऊन.

रविवारी कारभारींच्या घरच्यांबरोबर त्या वासोण्याला गेल्या. मुंबईहून आलेल्या कारभारींच्या नातवंडांना सिंह बघायचे होते. जाळीच्या गाडीतून फेरी झाली; सिंह झाडाखाली खुशाल पसरला होता, कान हलवायलाही तयार नव्हता. गाडीत तानूबाईच तेवढ्या या बाकावरून त्या बाकावर होत होत्या. फेरी संपल्यावर त्यांनी कारभारींना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

कारभारींनी ऐकून घेतलं. त्यांना रीत माहीत होती. माहीत नसल्याचं त्यांनी बावीस वर्षं दाखवलं, इतकंच.

"गप ऱ्हा, बाई," ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. ती पोरगी हुशार हाय, शोधंल काहीतरी."

"ती दिवेच शोधतेय. तिला सुचणारच नाही. असं कुणी करत असेल असं तिच्या मनातसुद्धा येणार नाही."

"मग नको येऊ दे. अगं, मशीनला पोट थोडंच असतंय?"

"आता मशीनवर वाल्मिक आहे. त्याला आहे."

कारभारींनी नातवंडांकडं पाहिलं. "माझी किती ए धरली असतील गं तू?" त्यांनी विचारलं.

"मोजली नाहीत."

"बरं झालं," ते म्हणाले आणि मुलांना हाका मारायला निघून गेले. त्यांची पाठ आज जरा वाकलेली दिसली, की त्या आजच नीट बघत होत्या, कोण जाणे.

सोमवारी तानूबाई कामावर गेल्या त्या थेट वायरमनकडं. त्याच्याकडून चिकटपट्टीची दोन रिळं मागून घेतली, एक हिरवं, एक लाल. मग तन्वीला आणि राजेंद्र साहेबांना टेबलापाशी यायला सांगितलं. साहेबांना असा निरोप कधी गेला नव्हता. ते आले, हातात फोन तसाच होता. कारभारीही मशीन सोडून दारात येऊन उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

तानूबाईंनी दोन नंबरच्या ढिगातून एक संशयाचं बॉबिन निवडलं. जरासं केसाळ, लाल ट्यूबचं. कॅमेऱ्याखाली ठेवलं. पडद्यावर आलं, ए. मग त्यांनी ट्यूबच्या दिसणाऱ्या काठावर हिरवी पट्टी गुंडाळली. धाग्याला बोट लावलं नाही. तेच बॉबिन परत ठेवलं.

पडद्यावर आलं, बी.

मग वाल्मिकचं एक घेतलं, कॅमेऱ्यानं बी ठरवलेलं. त्याच्या हिरव्या काठावर लाल पट्टी गुंडाळली. ए आलं.

साहेबांनी फोन खिशात टाकला. "हे कुठून शिकला हा?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडून," तानूबाई म्हणाल्या.

आणि मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. संशयाची बॉबिनं, लाल, पिवळी, हिरवी. बाकीच्या बायकांची नावं घेतली नाहीत. कारभारींचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्या अडखळल्या, तसे दारातून कारभारीच म्हणाले, "माझीबी हायेत त्यात साहेब. लाल ट्यूब माझी."

राजेंद्र साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर तानूबाईंना सोपं गेलं असतं. "बाई, तुमच्यावर विश्वास ठेवून आम्ही हे सगळं उभं केलं," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "गलोंड्याचं आता राहू द्या."

"सर, हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला वर्षभरात सापडलं नसतं," तन्वी म्हणाली. तिचा आवाज जरा चढलेला होता. साहेबांनी मान हलवली, पण गलोंड्याचा विषय परत काढला नाही.

त्या आठवड्यात दोन माणसांनी मिळून वाल्मिकची मागची सगळी बॉबिनं गोदामातून काढून ट्यूब झाकून तपासली. शेकड्यात चार निघाली. मेमो मागं घेतला गेला आणि पंधरा तारखेच्या यादीत त्याचं नाव आलं. तन्वीनं काळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून आणल्या, बॉबिनच्या दोन्ही टोकांना घालायच्या, म्हणजे रंग ना माणसाला दिसणार ना कॅमेऱ्याला. 'तानू' नावाची फाइल तिनं पुसली. नवी शिकवणी सुरू झाली, पहिल्या फोटोपासून, आणि बटणापाशी पुन्हा तानूबाईच होत्या, कारण त्यांच्याइतका डोळा दुसऱ्या कुणाचा नव्हता हे साहेबांनाही ठाऊक होतं. टेबलावरच्या दोन बायका त्यांच्याशी बोलत नव्हत्या. पहिलं संशयाचं बॉबिन आलं तेव्हा त्यांची नजर खाली ट्यूबकडं गेली आणि काळ्या टोपीवर आपटून परत आली. ते कारभारींचं असेल, वाल्मिकचं असेल, कुणाचंही असेल. बटण दाबायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

एवढं झालं तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. वाल्मिकला कुणी काही सांगितलं नव्हतं. मशीनमध्ये दोष होता, तो काढला, असं सुपरवायझरनं त्याच्या कानावर घातलं होतं. ते तानूबाईंना सहन होईना. यादी लागली त्या दिवशी दुपारी तीनला, पाळी बदलायच्या आधी, तो गेटजवळच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसला होता. खिशात पेढ्यांचा पुडा होता. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय व्हयनं मावशी?" तो म्हणाला. "पेढा ल्या."

"आधी ऐक," त्या म्हणाल्या, आणि साहेबांना सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी शिरपूरच्या बोलीत. सांगताना त्यांना आतून थोडं बरंही वाटत होतं. खरं बोललेल्या माणसाला वाटतं तसं. सातवर कुणीच नव्हतं रे, म्हणून आम्ही तसं करायचो, असं त्या म्हणाल्या.

वाल्मिकनं पेढ्यांचा पुडा मांडीवर ठेवला.

"मावशी, मी सातवर आधीबी व्हतो."

"कधी?"

"तीन वरीस झाले. चार महिने व्हतो. ठेकेदारनं सांगं, तुझं 'बी' जास्ती येतं, उद्यापासून येऊ नको." तो रागानं बोलत नव्हता. जुनी गोष्ट सांगावी तसा बोलत होता. "मले वाटलं, आपला हातच खराब शे. मग दोन वरीस मशीनले हात नही लावा. गलोंड्याले गोण्या उचलल्या."

चार महिने हा माणूस भिंतीपलीकडं होता. त्याची बॉबिनं तानूबाईंच्या हाताखालून गेली होती. आणि बी जास्त येतं म्हणून माणसं बदलत होती, माणसं बदलतात म्हणून त्या बी करत होत्या, हे चक्र त्यांच्या ध्यानात पहिल्यांदाच आलं. सातला धनी का नव्हता, याचं उत्तर त्यांच्याच बोटात होतं.

त्या कट्ट्यावर बसल्या. दोन्ही पाय वर घेऊन बसल्या.

"तुझ्याआधी कोण होतं सातवर?" त्यांनी विचारलं.

"संजू म्हणून व्हता, नंदुरबारना. त्याच्या आधी एक बिहारवाला, त्याचं नाव मालूम नही."

"आणि तुझ्यानंतर?"

"गोकुळ. त्याले दोन महिन्यात काढं. त्याच्यानंतरचे मले नही माहीत, मी नव्हतो."

"गोकुळ आता कुठं असतो?"

वाल्मिकनं खांदे उडवले. पाळीची घंटा झाली. तो उठला, पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि मशीनकडं गेला. आत टेबलापाशी त्यांची वाट बघत असतील हे तानूबाईंना कळत होतं. संजू, गोकुळ, आणि तो एक, ज्याचं नाव वाल्मिकलाही माहीत नव्हतं. घंटा थांबली. तानूबाई उठल्या नाहीत.